लाल फडक्याची गाडी

महांतप्पाची गाडी नेहमी सगळ्यात मागं असायची. ते लोकांच्या इतकं अंगवळणी पडलं होतं, की ती कधी पुढं दिसली असती तर गाडी चोरीला गेली असंच कुणालाही वाटलं असतं.

सास्तूरला त्याची पिठाची गिरणी होती. आठवडाभर पट्ट्याच्या आवाजात उभं राहायचं, गिऱ्हाइकाचं बोलणं कानांपेक्षा ओठांवरून ओळखायचं, आणि रविवारी पहाटे भुवयांतलं पीठ धुऊन गाडीवर बसायचं. वय अठ्ठावन्न. गाडी शंभर सीसीची, म्हातारी पण इमानी. क्लबाचं नाव ‘माळरान रायडर्स’. लोहारा तालुक्यातली वीस-पंचवीस माणसं, त्यांत खताबियाण्याचं दुकान चालवणारा अमरसिंह हा म्होरक्या. त्याची गाडी एवढी दांडगी, की ती सुरू झाली म्हणजे गल्लीतली कुत्री आधी भुंकायची आणि मग विचार करून गप्प बसायची. मंडपवाला अक्रम होता, आरोग्य उपकेंद्रातली नर्स शिवांजली होती, आणि यंदा ग्रामपंचायतीत कॉम्प्युटरवर बसणारा सुरज नव्यानं आला होता.

उन्हाळ्यात इतर लोक पंख्याखाली पालथे पडतात, तेव्हाच या मंडळींना उधाण यायचं. एप्रिल-मेचा एकही रविवार रिकामा जायचा नाही. कधी नळदुर्गचा किल्ला, कधी तामलवाडीच्या एखाद्या मळ्यात आमरसाचं जेवण, कधी येडशीच्या रामलिंगाच्या रानात कॅन बांधून न्यायचे आणि हरणामोरांसाठी पाणवठे भरायचे. अंधारात निघायचं, ऊन तापायच्या आत मुक्कामी पोचायचं, दुपारभर सावलीत लोळायचं आणि उन्हं कलली की परत. यात आनंद काय, असं ज्याला वाटतं त्यानं घरी बसावं, असं अक्रम म्हणायचा. आणि खरंच, मांडव सोडून सोडून त्याचे हात सोलून निघालेले असायचे, पण रविवारी तो हजर.

एवढ्या गाड्या पन्नास-शंभर मैल चालवायच्या तर काही नेम लागतो. यांचा नेम साधा होता. जिथं रस्ता वळतो तिथं, म्हणजे प्रत्येक फाट्यावर, थांबायचं. मागच्याचा दिवा दिसला, की मगच हलायचं. पुढच्यानं मागच्याला सांभाळायचं, त्यानं त्याच्या मागच्याला. अशी साखळी शेवटच्या गाडीपर्यंत पोचायची. शेवटच्या गाडीच्या कॅरियरला एक लाल फडकं बांधलेलं असे. तिच्याकडं पंक्चरचं सामान, हवेचा पंप, बाटलीत पेट्रोल, पाण्याचा कॅन. वाटेत कुणाचं काही बिघडलं तर त्यानं नुसतं कडेला उभं राहायचं. लाल फडकं येणारच. आणि मुक्कामाचा नेम अक्रमनं घालून दिला होता: लाल फडकं पोचल्याशिवाय कुणी घास उचलायचा नाही. फडकं दिसलं की ‘शेपूट आलं’ असा गलका व्हायचा आणि पंगत बसायची.

हे शेपूट म्हणजे महांतप्पा. क्लब निघाला तेव्हापासून, बारा वर्षं.

तो शेपूट का झाला याची एक गोष्ट अमरसिंह दरवर्षी स्टेजवरून सांगायचा. भूकंपात अप्पांनी गाव ढिगाऱ्याखाली गेलेलं पाहिलं, मागं कोण राहिलं म्हणून हाका मारल्या, म्हणून आजही ते कुणाला मागं राहू देत नाहीत, वगैरे. लोकांचे डोळे भरून यायचे. आपल्याकडं भाषणाला भूकंप लागतोच. खरं कारण एवढंच होतं, की महांतप्पाची गाडी हळू चालायची. दुसऱ्याच फेरीला अक्रमची चेन तुटली आणि मागून रखडत येणारा महांतप्पा त्याला सापडला, तेव्हा सगळ्यांना त्यात सोय दिसली. महांतप्पानं भाषणाला कधी हरकत घेतली नाही. पहिली चार-पाच वर्षं त्याला त्या फडक्याचा अभिमानही वाटला.

पण अभिमान किती दिवस पुरतो. कंबर दुखायची. समोरच्या गाड्यांचे दिवे डोळ्यांत खुपायचे. सकाळी सगळ्यांच्या नंतर पोचायचं आणि परतताना प्रत्येकाला आपापल्या फाट्यावर सोडून, सगळ्यांच्या नंतर घर गाठायचं. गेल्या रविवारी तो रामलिंगाच्या रानात पोचला तेव्हा पाणवठा भरून झाला होता आणि फोटोही काढून झाला होता. पुन्हा काढू म्हणाले, पण सगळे पांगले होते. त्या दिवशी महांतप्पानं आठवून पाहिलं. बारा वर्षांच्या फोटोंत तो कुठंच धड नव्हता. असला तर कडेला, हेल्मेट काढताना.

म्हणजे तो दमला होता, हे तर होतंच. पण दमण्याच्या खाली अजून एक गोष्ट होती आणि ती त्याला स्वतःशी कबूल करायलाही लाज वाटायची. सगळ्यांच्या मागं तो होता. त्याच्या मागं कुणी नव्हतं. एकदा, फक्त एकदा, कुणीतरी वळून बघावं, अप्पा आला का म्हणून विचारावं, एवढीच त्याची इच्छा होती. अठ्ठावन्नाव्या वर्षी माणसानं असलं काही मागू नये, हे त्याला कळत होतं. कळून इच्छा जात नाही.

या रविवारची फेरी हंगामातली सगळ्यात लांबची होती. जिल्ह्याच्या या टोकापासून त्या टोकाला, भूम तालुक्यात ईटला. तिथं अक्रमच्या ओळखीच्या माणसाची खव्याची भट्टी होती आणि गरम खव्याच्या पोळ्यांचं आमंत्रण होतं. महांतप्पानं ठरवलं, पंगतीत सगळ्यांसमोर फडकं परत करायचं. आता दुसरं कुणी बघा, म्हणायचं. आदल्या संध्याकाळी त्यानं बायकोला, इरम्माला, तसं सांगितलं. ती वाटेसाठी धपाटी बांधत होती. तिनं मान वर न करता म्हटलं, “द्या की मग. तुमाला काय कुणी बांदून ठिवलंय?”

तिला या क्लबाचं फारसं कौतुक नव्हतं. रविवारी रात्री तो येईल तेव्हा दोघांची ताटं मांडायची, एवढाच तिचा संबंध. तिला रविवारी भूकच उशिरा लागते, असं महांतप्पा लोकांना सांगायचा.

निघाले तेव्हा अंधार होता. धाराशिव ओलांडताना उजाडलं, येडशीचा घाट गारव्यात गेला, आणि तेरखेड्याला चहा होईस्तोवर ऊन असं अंगावर आलं की चहा पिताना अक्रम म्हणाला, हे कपात ओतलंय का डोक्यावर तेच कळंना. सगळ्यांनी पाण्याच्या टाकीवर आपापली उपरणी, रुमाल भिजवून घेतले. सुरजचा गमछा कोरा, लालभडक होता. त्यानं तो चिंब भिजवून गळ्यात घातला, शर्ट ओला झाला म्हणून परत काढला आणि वाळायला कॅरियरला बांधून टाकला. महांतप्पानं ते पाहिलं. पोरगं निघताना गमछा पाडणार, एवढंच त्याच्या मनात आलं, म्हणून त्यानं जाऊन गाठ आवळून दिली.

चहानंतर सुरज त्याच्या पुढं होता आणि बाकीचे सुरजच्या पुढं. हायवेवर महांतप्पाला पहिल्यांदा गरगरलं. डांबरावर पाणी दिसायला लागलं, जे नव्हतं. खिशात इरम्मानं घातलेला कांदा होता, तो त्यानं गाडी क्षणभर कडेला घेऊन हातानंच फोडून हुंगला. हायवे सोडून ईटकडं वळायच्या फाट्यावर सुरज नेमाप्रमाणं थांबला होता, मान वळवून वाट बघत. महांतप्पानं लांबूनच हात उंचावला. चल, आलोच. हा हात त्यानं बारा वर्षं असाच उंचावला होता, आणि आपण गळालोय हे पोराला दिसू नये म्हणून आज जरा जास्तच जोरात. सुरज गेला. त्याच्या मागं लाल गमछा फडफडत गेला. महांतप्पानं गाडी वळवून थोडी पुढं नेली आणि एका चिंचेखाली उभी केली.

तो बुंध्याला टेकून बसला. कॅनमधलं पाणी प्यायला, थोडं डोक्यावर घेतलं. हळूहळू डोळ्यांपुढचं काळं सरलं आणि मग तो वाट बघायला लागला. इथून ईट फार लांब नव्हतं. आपण पोचलो नाही हे त्यांना एव्हाना कळलं असेल. फडकं आल्याशिवाय घास नाही, म्हणजे पोळ्या निवत असतील, अक्रम कुरकुरत असेल, आणि अमरसिंहची ती दांडगी गाडी आता या रस्त्यावर दिसेल. फोन खिशात होता. तो करू शकत होता. पण आपल्याला कुणी शोधावं असं ज्याला वाटतंय, त्यानंच फोन करून मी मागं राहिलो म्हणून कसं सांगायचं? त्यानं फोन काढून मांडीवर ठेवला. रेंज होती.

शेरडं घेऊन एक म्हातारी सावलीला आली. नाव हरणाबाई, हे तिनं न विचारताच सांगितलं. ती गाडीकडं, सामानाकडं, त्याच्या तांबारलेल्या तोंडाकडं बघत राहिली.

“मगाशी लई फटफट्या गेल्या,” ती म्हणाली. “तुमी त्येंच्यातलेच का? मागं ऱ्हायलाव व्हय?”

“म्या मागंच आसतो, आज्जी.”

“मंग त्यास्नी ठावं आसंल,” हरणाबाई म्हणाली आणि पाठ टेकून निवांत झाली. तिच्या दृष्टीनं विषय संपला होता.

फोन वाजला नाही. रस्त्यावरून एक टेम्पो गेला, मग उसाचा रिकामा ट्रॅक्टर, मग लग्नाची एक जीप. सावली सरकून त्याच्या पायांवर ऊन आलं. महांतप्पाला राग यायला हवा होता आणि त्यानं तो आणून पाहिला, पण रागालाही अंगात जोर लागतो. इथूनच माघारी वळावं, असं त्याला वाटलं. कुणाला कळणारही नव्हतं. पण मग त्यांच्या परतीला मागं कोण, हा विचार सवयीनं आलाच, आणि स्वतःच्या सवयीचा त्याला इतका वैताग आला की तो उठून गाडीवर बसला. हरणाबाईला येतो म्हणाला आणि ईटकडं निघाला.

भट्टीशेजारी पत्र्याची लांब शेड होती. गाड्या ओळीनं लागलेल्या. पंगत बसलेली होती. बसलेली कसली, अर्धी उठायला आली होती. महांतप्पानं गाडी उभी केली तरी कुणी वळलं नाही. तो शेडच्या कडेनं आत गेला आणि एका मोकळ्या जागेपाशी उभा राहिला. अक्रम ताकाची बादली घेऊन वाढत फिरत होता. त्यानं महांतप्पाकडं बघितलं, हसला, आणि म्हणाला, “हात धुऊन आलाव व्हय अप्पा? बसा. अजून ताक घेताव?”

अजून, असं तो म्हणाला होता. महांतप्पाच्या ध्यानात यायला जरा वेळ लागला. हे लोक त्याला विसरले नव्हते. त्यांच्या लेखी तो कधीच आला होता. आला होता, बसला होता, पोळ्या खाल्ल्या होत्या, ताक प्याला होता. इतकी वर्षं रोज दिसणाऱ्या खुंटीसारखा तो तिथं होताच. नसला तरी होता.

तो खाली बसला. समोर बसलेल्या शिवांजलीनं त्याच्या तोंडाकडं पाहिलं, आणि नर्सच ती, तिचा हात तोंडाकडं जाता जाता थांबला. तिनं सावकाश विचारलं, “अप्पा, तुमी कवा आलाव?”

“आत्ताच.”

अमरसिंहनं आधी बाहेरच्या गाड्यांकडं बघितलं. एका टोकाला, नुकत्याच लावलेल्या म्हाताऱ्या गाडीला फडकं होतं, उन्हानं विटून विटकरी झालेलं. आणि मधल्या एका गाडीला सुरजचा कोरा लाल गमछा. तो लांबून येताना बघूनच अमरसिंह ओरडला होता, शेपूट आलं, बसा रे. त्यानं फडकं बघितलं होतं, माणूस बघितला नव्हता. हे त्याला आता कळलं, आणि कळलेलं तोंडावर दिसलं. हातातला घास त्यानं ताटात ठेवला. अप्पा आपल्या मागोमाग आलेच असतील असं धरून बसलेल्या सुरजचे कान गमछ्यासारखे झाले. ज्यानं हा नेम घातला तो अक्रम बादली घेऊन तसाच उभा होता. मग बादली ठेवून स्वतःच्या हातानं पान वाढून घेऊन आला.

महांतप्पानं खव्याची पोळी खाल्ली. ती फार चांगली झाली होती, आणि त्याचंच त्याला वाईट वाटलं. सगळ्यांसमोर बोलायचं म्हणून घोकून ठेवलेलं वाक्य घशाखाली पोळीबरोबर गेलं.

दुपारी मंडळी शेडमध्ये आडवी झाली. एरवी या वेळेला पत्ते निघायचे, कुणाच्या तरी लग्नाच्या वरातीची नक्कल व्हायची. आज सगळे झोपल्याचं सोंग घेऊन पडले होते. अमरसिंह येऊन महांतप्पाच्या शेजारी बसला. बराच वेळ जमिनीवर काडीनं रेघा ओढत राहिला. मग चुकलं म्हणाला. त्यात पुढं मागं काही जोडलं नाही, भाषण तर नाहीच. महांतप्पाला ते आवडलं. तो उठला, गाडीपाशी गेला, फडक्याची गाठ सोडायला लागला. ऊन-पाण्यानं ती इतकी घट्ट बसली होती की दातानं सोडावी लागली. फडकं त्यानं अमरसिंहच्या मांडीवर ठेवलं.

“रागानं देताव, अप्पा?”

“न्हाय रे. दमलो.”

“तुमच्याबिगर दुसरं कोन करनार हे?”

“तूच कर आज,” महांतप्पा म्हणाला. “आपल्या मागं कोन न्हाय म्हंजी कसं वाटतं, त्ये एक डाव बग.”

उन्हं कलल्यावर निघाले. महांतप्पा मधे होता. बारा वर्षांत पहिल्यांदा त्याला आरशात दिवा दिसला. पहिल्या फाट्यावर तो नेमानं थांबला, मागचा दिवा दिसला, हलला. एवढंच करायचं होतं. किती सोपं होतं हे पुढच्यांचं काम, त्याच्या मनात आलं, आणि तरी सुख असं काही वाटलं नाही. कंबर तशीच दुखत होती. तेरखेड्याच्या पुढं कुणाची तरी चेन उतरली, तिथं अमरसिंहची दांडगी गाडी कडेला उभी राहिलेली त्याला आरशात दिसली. त्याचा हात ब्रेककडं गेला. त्यानं तो परत घेतला. पुढचे सगळे चालले होते. तो त्यांच्या मागं गेला.

सास्तूरला पोचला तेव्हा दिवेलागण होत होती. शाळेपासून वळला, घरापुढं गाडी लावली. इरम्मा उंबऱ्यात येऊन उभी राहिली, हाताला पीठ. ती त्याच्याकडं नाही, त्याच्या मागं रस्त्याकडं बघत होती, काही झालंय का म्हणून.

“लवकर आलाव?”

“फडकं दिलं.”

ती बरं म्हणाली आणि आत वळली. महांतप्पा हातपाय धुऊन स्वयंपाकघरात आला. परातीत पीठ अर्धं मळलेलं होतं. मांडणीवर दोन ताटं एकावर एक पालथी घातलेली होती. ताटांवर एक वाटी, वाटीत तिची साखरेची गोळी, अजून पाकिटात. तो इतक्या लवकर येईल अशी कुणालाच कल्पना नव्हती, त्यामुळं जे रविवारी रात्री तो येईपर्यंत आवरलेलं असायचं ते आज तसंच उघड्यावर होतं. त्यानं विचारलं, गोळी घ्यायची राहिली का.

“राहिली कशी? गाडी आत्ता तर वाजली, हात पिठात हुता,” इरम्मा तवा ठेवत म्हणाली. “जेवनाच्या आदी आर्धा तास घ्या म्हनलाय डाक्टर. तुमची गाडी शाळेपाशी वाजली की म्या घेती. तुमी हातपाय धुऊस्तोर, भाकरी हुईस्तोर तेवडा टाईम हुतोय.”

“आन् मला येळ झाला की?”

“मंग गोळीला येळ हुतो,” ती सहज म्हणाली आणि भाकरी थापायला लागली.

महांतप्पा भिंतीला धरून उभा राहिला. बारा वर्षांचे रविवार. तिची साखर निघून पाच-सहा वर्षं तरी झाली असतील. तो कुणाच्या तरी पंक्चरवर वाकलेला असताना, कुणाला त्याच्या फाट्यावर सोडत असताना, ही इथं दाराशी कान लावून बसलेली होती. आणि तो चिंचेखाली बसून, आपल्या मागं कुणी नाही म्हणून रडकुंडीला आला होता. अमरसिंहला त्यानं ऐटीत सांगितलेलं ते वाक्य आठवून त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्यानं माठातलं पाणी आणलं, पाकिटातून गोळी काढून तिच्या पिठाच्या हातावर ठेवली, आणि ती गिळेपर्यंत तिथंच थांबला. काय झालं, असं तिनं विचारलं. तो काही नाही म्हणाला. दोन्ही ताटं त्यानं स्वतः मांडली. भाकऱ्या झाल्या, वरण झालं, तिनं त्याचं ताट वाढलं आणि खा म्हणाली, निवतंय.

महांतप्पानं घास उचलला नाही. ती हात धुऊन येऊन समोर बसेपर्यंत तो थांबला.